फुगवट्यावरचा हस्त

सोयाबीन काढणीला आलं की आमच्या भागात आभाळावर कुणी विश्वास ठेवत नाही. सकाळचं ऊन धुतल्यासारखं असतं, शेंगा हाताला खुळखुळतात, ट्रॅक्टरच्या मागं मळणीयंत्रं डुलत जातात. आणि दुपार कलली की कुठून तरी ढग चढतो. हस्त लागलेला असतो. या नक्षत्राचा पाऊस गर्जत येतो, आणि त्याच्याही आधी वारा येतो.

मी औंढ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. या दिवसांत वॉर्डात येणारी माणसं ठरलेली असतात. कुणाला विळा लागलेला, कुणाला काडात साप चावलेला, कुणाची भिजून छाती भरलेली. परवा एका म्हाताऱ्याच्या सुनेनं हाक मारली, "सिस्टर, खिडकी लावा, वारं सुटलं." मी खिडकीशी गेले. माती आणि भुसकटाचा वास आत घुसला, बाहेरच्या लिंबानं एका बाजूला अंग टाकलं, आणि मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. शेवटी त्या सुनेनंच येऊन खिडकी लावली. "काय झालं हो तुमाला?" तिनं विचारलं. काही झालं नव्हतं. एवढी वर्षं गेली की धक्का बोथट होतो, असं मी समजत होते.

त्या वर्षी माझी बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागायची होती. आमचं गाव साखऱ्याकडचं, कोरडवाहू. विहिरीच्या तळाशी चमकणारं पाणी, हापशाच्या तोंडातून पडणारं पाणी, एवढंच पाणी मला माहीत. माझी शांतामावशी मात्र येलदरी धरणाच्या फुगवट्याकाठी दिलेली. धरणाच्या मागं तुंबून पसरलेल्या पाण्याला आमच्याकडं फुगवटा म्हणतात. तिनं निरोप धाडला होता, "काढणीला हात कमी पडून राहिलेत. पोरगी रिकामी बसली असंल तर लावून द्या." मी दोन कपडे पिशवीत घालून गेले.

मावशीच्या घरामागची चढण चढून पहिल्यांदा ते पाणी पाहिलं तेव्हा मला ते आवडलंच नाही. एवढं पाणी नुसतं पडून आहे, कुणी उचलत नाही, कुणी त्याच्यासाठी भांडत नाही, हे मला खरं वाटेना. पलीकडचा काठ निळसर रेघेसारखा दिसत होता. डाव्या अंगाला एका खोलगट भागात पाण्यातून वाळकी झाडं वर आलेली होती. धरणाआधी तिथं वस्ती होती. घरं बुडाली, बाभळी आणि लिंब उभ्या उभ्या वाळून गेले. शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे. मावशीनं सांगितलं, "तिकडं नाव नेत न्हाईत. खाली खुंट हायेत."

आमच्या टोळीचं काम पलीकडच्या काठावर होतं. रस्त्यानं जायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा. अर्धा दिवस जाण्यातच. म्हणून सकाळी नावेनं जायचं, दिवस कलताना नावेनं यायचं. नाव फायबरची होती, पांढरी, बूड हिरवं झालेली, मागं पेट्रोलचं इंजिन लावलेली. आणि ती मंदाताई चालवायची.

मंदाताई भोयाच्या घरची सून. वय तिशीच्या पुढं-मागं, अंगानं काटक, बोलणं कमी. तिचा नवरा दत्ताभाऊ मासेमारी करायचा. सीझनभर तो पलीकडच्या टेकाडावर पाल टाकून जाळ्यांपाशीच राहायचा. मी त्याला कधी जवळून पाहिलं नव्हतं. पाण्यावर लांब एक निळी नाव दिसायची, आणि बाया म्हणायच्या, "ते बघ, मंदीचा मालक." माझ्यासाठी तो तेवढाच होता, एक निळा ठिपका.

सकाळी पाण्यावर धुकं असायचं. आम्ही बाया चुंबळी, विळे, भाकरीचे डबे घेऊन काठावर जमायचो. मंदाताई आधी प्रत्येकीला नारिंगी जाकीट घालायला लावायची, आणि मगच नावेत पाय ठेवू द्यायची. पुसेगावाकडून दर काढणीला येणारी, गावातल्या सगळ्यांना ओळखणारी एक कमल होती. ती रोज कुरकुरायची.

"आत्ता काहून घालायचं? पाणी तर आरशासारखं हाय. लागलं तर घालू की."

"लागल्यावर घालायला हात रिकामा राहत न्हाई," मंदाताई म्हणायची, आणि कमलचा पट्टा स्वतः ओढून घट्ट करायची.

एकदा मुकादमानं आणखी चार बाया आणून उभ्या केल्या. म्हणाला, "बसव की, एकाच खेपेत होऊन जाईल." मंदाताईनं नावेच्या कडेकडं बोट दाखवलं. पाणी कडेपासून वीतभर खाली होतं. "हे वीतभर दिसून राहिलं ना, त्याच्यावर आमी जगतो," ती म्हणाली. "दुसरी खेप करते." मुकादम चिडला, उशीर झाला म्हणून दिवसभर बोलला. तिनं दुसरी खेप केली.

मला बसायला जागा मिळायची ती मागं, इंजिनाजवळ, कारण मी टोळीत नवी होते आणि धुराची जागा कुणाला नको असायची. तिथं बसून बसून मी तिच्या हाताकडं पाहायला लागले. इंजिनाला पुढं आलेला एक दांडा असतो. तो डावीकडं ढकलला की नावेचं नाक उजवीकडं जातं, आणि त्याचीच मूठ पिळली की वेग वाढतो. तिच्या मनगटाला एक लाल दोरी असायची, दुसरं टोक इंजिनात खोचलेलं. "मी पडले तर दोरी निघंल, इंजिन बंद पडंल," तिनं सांगितलं. "न्हाईतर नाव माणूस टाकून पळती, नाहीतर त्याच्यावरच फिरून येती."

एका सकाळी तिनं विचारलं, "धरून बघतीस का?" मी धरला. नाव लगेच चुकीकडं वळली, बाया ओरडल्या, मंदाताई हसली. पुढं रोज थोडा वेळ ती मला दांडा द्यायची. हळूहळू माझ्या डोक्याआधी हाताला कळायला लागलं. मधेच वारा असला, पाणी खळखळायला लागलं, की ती शिकवायची, "लाटेला नाक द्यायचं न्हाई, कूस तर कधीच न्हाई. गाल द्यायचा. जरा तिरकं. चढताना मूठ पीळ, माथ्यावर आली की सोड. पंखा हवेत आला तर इंजिन बोंबलतंय." मी ते ऐकायचे आणि पुस्तकातल्या व्याख्येसारखं मनात म्हणायचे. लाट म्हणून जे मी तोवर पाहिलं होतं ते घोट्याएवढं होतं.

रानातले दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. सोयाबीनच्या शेंगांची टोकं बोटांना टोचून टोचून काळी भोकं पडायची. आम्ही जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळायचो. गोदाबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्या कापता कापता अख्ख्या गावाची सोयरीक सांगायच्या. कोण कुणाची नणंद, कोण कुणाच्या लग्नात रुसलं. दत्ताभाऊ त्यांच्या चुलत दिराचा मुलगा लागायचा. दुपारी हळदीच्या वावराच्या कडेला बसून भाकरी खायची. हळदीची रुंद हिरवी पानं, त्यांचा ओलसर वास, ठेचा, कांदा. मावशी माझ्या डब्यात गुपचूप गुळाचा खडा टाकायची. मला ते दिवस संपूच नयेत असं वाटायचं. अठराव्या वर्षी कष्ट नवे असले की कष्ट वाटत नाहीत.

त्या दुपारी आम्ही लवकर निघालो. मंदाताईनंच येऊन हाका मारल्या होत्या. "आवरा, आभाळ बराबर दिसून न्हाई राहिलं." मुकादमानं नाक मुरडलं, पण गोदाबाई उठल्या तशा सगळ्या उठल्या. आम्ही नावेत बसलो तेव्हा ऊन होतं. पाणी सपाट होतं. मधोमध येईपर्यंत सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, आणि कमलनं उकडतंय म्हणून जाकिटाचा पट्टा सैल केला होता.

मग गार झालं. एवढंच आधी कळलं, की अंगावरची हवा गार झाली. मंदाताईनं मान वळवून मागच्या काठाकडं पाहिलं. तिकडचा डोंगर दिसत नव्हता. त्या जागी करडा पडदा उभा होता, आणि त्याच्या खाली पाणी पांढरं होऊन आमच्याकडं धावत येत होतं.

"खाली बसा सगळ्या," ती म्हणाली. "फळ्या सोडा, बुडावर बसा. मधी. एकमेकीला धरा. कुणी उठायचं न्हाई, काही झालं तरी."

वारा आला तो थपडेसारखा. माझ्या डोक्याचा रुमाल उडाला, तो कुठं गेला ते दिसलंही नाही. घर समोर होतं, वारा आमच्या पाठीवर. आणि मंदाताईनं नाव फिरवली. घराकडं पाठ करून, वाऱ्याकडं तोंड करून. मला वाटलं तिला दिशा कळेना झाली. कमल ओरडली, "अगं, काठ तिकडं हाय! डावीकडचा काठ जवळ हाय, तिकडं घे!" डावीकडं खरंच काठ जवळ होता. तिथंच ती वाळकी झाडं होती.

"तिथं खुंट हायेत," मंदाताई म्हणाली. "वारा तिकडंच लोटून राहिलाय. मोकळ्या पाण्यात राहायचं. वारा थकला की जाऊ."

मग पहिली मोठी लाट आली. तोवर मला माहीत नव्हतं की साचलेलं पाणीही असं उठू शकतं. तेच पाणी, ज्यात आम्ही सकाळी हात घालून तोंड धुतलं होतं. नावेचं टोक वर गेलं, इतकं वर, की मला फक्त आभाळ दिसत होतं, आणि मग खाली आदळलं तेव्हा दात दातांवर आपटले. पाऊस आडवा लागत होता, वाळूसारखा. गोदाबाईंनी ताडपत्री सगळ्यांच्या डोक्यावरून ओढली होती; तिच्याखाली मावशीसकट सगळ्या बाया एका गोळ्यात बसल्या होत्या आणि भाकरीच्या डब्यांनी पाणी बाहेर फेकत होत्या. एवढं बोलणाऱ्या बाया, आणि कुणाच्या तोंडून आवाज नव्हता. फक्त डबे बुडाला घासल्याचा आवाज यायचा.

कमल एकदा उठली. तिला ओकारी आली असावी, ती कडेकडं झुकली. नाव त्या बाजूला बसली आणि पाण्याची एक जाड चादर आत आली. मंदाताईनं पायानंच तिला खाली दाबलं. "मांडीवर ओक," ती म्हणाली. "कडंला जायचं न्हाई."

मी इंजिनाजवळ, मंदाताईच्या शेजारी होते. ती दर थोड्या वेळानं खांद्यावरून मागं पाहायची. आपण झाडीकडं किती लोटल्या गेलोय ते ती बघत असणार. पाहायची, परत समोर वळायची. मूठ पिळायची, सोडायची. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता, आणि त्या चेहऱ्यामुळंच मी शाबूत होते.

मग एकदा तिनं मागं पाहिलं, आणि परत वळायला तिला वेळ लागला.

नाव जराशी वळली. लाट गालावर यायची ती कुशीवर आली, आम्ही एका अंगाला कलंडलो, ताडपत्रीखालून पहिल्यांदा किंकाळी उठली. मंदाताईनं नाव सावरली. तिनं मनगटावरची लाल दोरी काढली आणि माझ्या मनगटात अडकवली.

"दांडा धर."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. "मी?"

"तूच. माझा हात माझं ऐकून न्हाई राहिला."

"ताई, मला न्हाई जमायचं."

"जमतंय. समोरच्या लाटेकडं पाहा. मागं पाहायचं न्हाई. एकदाबी न्हाई. कळलं का?"

ती माझ्या पुढं बुडावर बसली, तोंड लाटांकडं करून, पाठ माझ्याकडं. मला तिची ओली वेणी आणि जाकिटाचा नारिंगी चौकोन दिसत होता. ती तिथून सांगत होती. "वाढव. अजून. आता सोड. जरा तिरकी घे. ही मोठी हाय, घाबरू नको, गाल दे, गाल दे. सोड." तिचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता. मी तेच करत होते जे तो आवाज म्हणत होता. दांडा हातात जिवंत जनावरासारखा झटके देत होता. बोटांच्या चिंध्या ओल्या होऊन निसटल्या आणि शेंगांनी पडलेल्या भोकांत पाणी झोंबत होतं. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की ती एकदाही वळली नाही. आणि मीही मागं पाहिलं नाही. तिनं सांगितलं होतं म्हणून नाही. लाटेवरून नजर काढायची माझी हिंमतच नव्हती.

मग वारा सैल झाला. पाऊस सरळ पडायला लागला. लाटा लगेच थांबल्या नाहीत, पण त्यांचे माथे पांढरे राहिले नाहीत. "दोन मोठ्यांच्या मधी मोकळं पाणी दिसलं की वळव," मंदाताई म्हणाली. "एकदम. मधी थांबू नको." मी वळवली. आता घर समोर होतं.

काठाला नाव लागली तेव्हा गावातली माणसं गुडघाभर पाण्यात आली होती. बाया उतरल्या. कुणी रडायला लागलं, गोदाबाई चिखलातच बसल्या. मला कधी एकदा जमिनीवर पाय ठेवते असं झालं होतं. मी लाल दोरी काढायला लागले.

"तू उतरू नको," मंदाताई म्हणाली.

मग ती काठावरच्या माणसांकडं वळली, आणि दूध उतू गेलं असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "ह्यांची नाव पालथी झालीया. झाडीजवळ. मला जाऊन यायचंय. पेट्रोल आणा."

गोदाबाईंनी चिखलातून मान वर केली. "कवा?"

"मघाशी. हिच्या हातात दांडा दिला तवा."

मी त्या वेळी तिच्याकडं पाहत होते, आणि तिचं वाक्य माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. तिनं पाहिलं होतं. निळी नाव उलटताना तिनं पाहिली होती, आणि मग ती तिकडं पाठ करून बसली होती. आणि तेवढा सगळा वेळ मला सांगत होती, वाढव, सोड, गाल दे.

पेट्रोलचा कॅन आला. मावशीनं माझा दंड धरला. "पोरगी लोकाची हाय मंदे. तिला काही झालं तर मी बहिणीला काय तोंड दाखवू? दुसरं कुणी घे."

"दुसऱ्याला ही नाव माहीत न्हाई, मावशी. मला वाकून ओढावं लागंल. दांड्यावर कुणीतरी पायजे."

मावशी थोडा वेळ दंड धरून राहिली. मग तिनं माझ्या जाकिटाचे पट्टे एक एक करून ओढून पाहिले, आणि हात सोडला.

आम्ही दोघी झाडीकडं निघालो. पाऊस बारीक झाला होता. पाण्यावर सोयाबीनचं काड, प्लास्टिकच्या बाटल्या, कुणाची तरी चप्पल तरंगत होती. झाडांजवळ मंदाताईनं वेग अगदी कमी करायला लावला आणि वल्ह्यानं पाण्यात चाचपत राहिली. वल्हं खुंटाला लागलं की हातानं खूण करायची. निळी नाव दोन बाभळींच्या मधे पालथी अडकली होती. तिच्या इंजिनाच्या पंख्याला जाळं गुंडाळलेलं होतं, लाकडाच्या ओंडक्यासारखं घट्ट. नावेजवळ कुणी नव्हतं.

मंदाताईनं हाक मारली नाही. ती एकेका झाडाकडं पाहत होती. पाचोळ्यासारखं काहीतरी हललं ते मला आधी दिसलं. एका वाळक्या बाभळीच्या शेंड्याला माणूस होता. एक हात फांदीवरून टाकलेला, दुसरा खाली लोंबत. काट्यांनी चेहरा फाटला होता.

"वारा तोंडावर घेत ये," मंदाताई म्हणाली. "हळू. अजून हळू. आता दोरी ओढ." मी लाल दोरी ओढली, इंजिन बंद पडलं, आणि एकदम इतकं शांत झालं की त्याच्या दातांचा कडकड आवाज ऐकू आला. मी विरुद्ध बाजूला अंग टाकून बसले, आणि तिनं वाकून, त्याच्या काखेत हात घालून, त्याला नावेत ओढलं. मोडलेला हात आपटला तेव्हा तो ओरडला. मग तो बुडावर पडून राहिला. दत्ताभाऊचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

त्यानं डोळे उघडले. "बाया?" त्यानं विचारलं.

"उतरल्या," ती म्हणाली.

त्यानं परत डोळे मिटले. ती त्याच्या तोंडावरचे काटे काढायला लागली. एकेक काटा काढायला तिला तीनदा धरावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया काठावर आल्या. कुणी न सांगता जाकिटं घातली. कमलनं आपला पट्टा ओढला आणि शेजारणीचाही. मंदाताईनं नाव काढली.

पण गावात वेगळंच सुरू झालं होतं. मंदाताईच्या सासूनं अंगणात उभं राहून म्हटलं होतं, "धनी बुडताना हिनं पाठ केली. लोकाच्या बाया वाचवल्या." ते वाक्य घरोघर गेलं. ज्या बाया त्या नावेत होत्या त्यांच्याही घरी गेलं, आणि त्यांतल्या काही गप्प बसल्या. मला याचा धक्का लाटांपेक्षा जास्त बसला. मी मावशीला म्हटलं, "तिनं वळवली असती तर आपण सगळ्या मेलो असतो." मावशी चूल फुंकत म्हणाली, "त्या म्हातारीला काय आपण दिसतो का? तिला लेकरू दिसतंय." दत्ताभाऊ हाताला प्लास्टर बांधून ओट्यावर बसलेला असायचा. तोही काही बोलत नव्हता. सासूनं सुनेच्या हातचं पाणी घेणं सोडलं. मंदाताई तशीच होती, काटक, कमी बोलणारी. फक्त आता मला दांडा देत नव्हती.

मग प्रवेशाची यादी लागली आणि मी निघून आले. पुढचं मावशीकडून कळलं. दिवाळीच्या सुमाराला एकदा सासू परत तेच बोलायला लागली, तेव्हा दत्ताभाऊ म्हणाला, "आई, तिच्या नावेत मी असतो तर मलाबी तिनं तसंच काठाला आणलं असतं. मी माझ्या नावेत होतो." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. पाणी मात्र म्हातारीनं बरेच दिवस स्वतःच भरून घेतलं.

शिकत असताना आमची सहल कोकणात गेली होती. मैत्रिणी लाटांत खेळत होत्या. मी वाळूवर बसून लांबच्या होड्या कोणत्या अंगानं लाट घेतायत ते पाहत होते. मैत्रिणींना मी ती गोष्ट सांगितली. पुढं नवऱ्याला, मुलीला, वॉर्डातल्या बायांनाही सांगितली. प्रत्येक वेळी सांगताना मी म्हणायचे, तिनं दांडा माझ्याच हातात दिला, कारण मी रोज शिकत होते, माझा हात बसला होता. ते म्हणताना मला बरं वाटायचं. आयुष्यात एवढ्या मोठ्या कामाला कुणीतरी आपल्याला निवडलं होतं.

परवा खिडकीपाशी मी तशी थिजले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंदाताई वॉर्डात आली. सासूला घेऊन आली होती. म्हातारी भिजली होती, छाती भरली होती. केस पांढरे झालेत मंदाताईचे. तिनं मला ओळखलं, मी तिला. म्हातारीला खाटेवर घेतलं, सलाईन लावलं. मंदाताईनं पेल्यात पाणी ओतून तिच्या तोंडाशी धरलं, आणि म्हातारी ते प्याली, डोळे मिटून, लहान लेकरासारखं. दत्ताभाऊ घरी होता. हात पुरता बरा झाला नाही, तो आता जाळी विणतो, असं ती म्हणाली. नाव तीच चालवते.

म्हातारीला झोप लागली. बाहेर वारा होता. मी घड्याळ पाहत सलाईनचे थेंब मोजत होते, आणि मोजता मोजता इतक्या वर्षांनी तिला विचारलं, "ताई, त्या दिवशी दांडा मलाच काहून दिला? गोदाबाई होत्या, मावशी होती. मी तर पोरगी होते. मला वाटतंय, मी शिकले होते म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नाही.

"शिकली होतीस, ते हायच," ती म्हणाली. "पण तू मागं पाहिलं असतंस तर तुला एक निळी नाव दिसली असती आणि एक माणूस. बाकीच्यांना दत्ता दिसला असता. कुणाचा पुतण्या, कुणाच्या दारात लहानाचा मोठा झालेला. त्यांच्यातल्या कुणीबी नाव वळवली असती. मी तर वळवलीच होती, पाहिलंस ना तू." तिनं म्हातारीचं पांघरूण सारखं केलं. "नावेत तू एकटीच होतीस, जिनं त्यांचं तोंडबी कधी पाहिलं न्हवतं."

माझी मोजणी चुकली. मी परत घड्याळाकडं पाहिलं, परत पहिल्या थेंबापासून सुरुवात केली, आणि परत चुकले.